हौदावर फरशी

आटपाडी तालुक्यात जुन्या तालमीचा विषय निघाला की दोन पक्ष पडायला वेळ लागत नाही. एक म्हणतो, तालीम ती तालीम, तिला हात लावू नका. दुसरा म्हणतो, आत कोणी लढत नाही, नुसतं कुलूप राखून काय मिळतं, हॉल करा, चार कामांना येईल. खाली जे दोघं बोलतात ते मी घडवलेले आहेत. तात्या सत्तरी ओलांडलेले वस्ताद. दुसरी त्यांची पुतणी, विट्यात बांधकामाची कामं घेणारी इंजिनिअर. गावाला नाव दिलेलं नाही. माणगंगेच्या काठचं कुठलंही समजा. गाव आणि गावची तालीम कल्पनेतली आहे. बाकी ज्या इमारतींवरून ही दोघं भांडतात त्या खऱ्या; काही अजून उभ्या आहेत, काही पाडून झाल्या.

निमित्त असं, की तालमीचा मातीचा हौद बुजवून वर फरशी करायची, भिंती उंच घ्यायच्या, पत्रा चढवायचा आणि त्याला बहुउद्देशीय सभागृह म्हणायचं, असा विषय ग्रामसभेपुढं यायचा आहे. आराखडा पुतणीनं काढलाय. तात्यांनी तो उलटा धरला आणि सरळ करायच्या आधीच तोंड उघडलं.

तात्या : ह्यात हौद कुठाय?

इंजिनिअर : हौद नाही तात्या, फरशी आहे. ज्याला कुस्ती करायचीय त्याच्यासाठी मॅट टाकू. मॅट गुंडाळली की दुसऱ्या दिवशी बॅडमिंटन, तिसऱ्या दिवशी कुणाचा साखरपुडा.

तात्या : फरशी एकदा पडली की माती परत येत न्हाई. तुला वाटतंय रानातनं चार पाट्या आणल्या आन वतल्या की झाला हौद. आगं, चाळून घ्यावी लागती. खडा म्हणून र्‍हाता कामा नये. मग ताक, त्याल, हळद, लिंबू, कापूर. पैलवानाला खुराक लागतो तसा मातीलाबी लागतो. आन रोज पहाटं खोऱ्यानं खणायची. एक दिस चुकला तर बसती, दोन दिस चुकला तर पाठ सोलून काढती. नवं पोरगं आलं की त्याला आधी डाव शिकवीतच न्हाई मी. खोरं देतो हातात. खांदं आन कंबर तिथंच तयार हुती.

इंजिनिअर : आणि हल्ली कोण खणतं?

तात्या : दोघं यायची.

इंजिनिअर : यायची?

तात्या : एक पुण्याला गेला कंपनीत. दुसऱ्यानं आटपाडीत जिम लावली. आरशापुढं हुभा र्‍हाऊन दंड बघत बसतोय.

जिमवर राग काढणं सोपं आहे, पण तालमी ओस पडायला जिम आणि मोबाईल एवढीच कारणं नाहीत. हा सगळा पट्टा पर्जन्यछायेतला. इथली तरणी पोरं पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी बाहेर पडली. सोन्याचांदीच्या गलाईच्या कामानं तर खानापूर-आटपाडीची माणसं देशभरातल्या सराफ गल्ल्यांत पोचली. तालीम चालायला घरात दूध लागतं आणि गावात विशीतली मुलं लागतात. दुष्काळ दोन्हीवर घाव घालतो. टेंभू योजनेचं पाणी आलं, डाळिंबं आली, थोडा पैसाही आला, पण तोवर तालमीची सवय मोडलेली होती.

इंजिनिअर : मी आतून टेप लावून मोजलं. वीस बाय तीस फूट. दार एवढं बुटकं की वाकल्याशिवाय जाता येत नाही. उजेडाला छताजवळ दोन झरोके. स्पर्धेची मॅट १२ मीटर बाय १२ मीटर असते, म्हणजे जवळजवळ चाळीस फूट बाय चाळीस. आत लढायचं वर्तुळच ९ मीटरचं. कबड्डीला १३ बाय १० मीटर. बॅडमिंटनला डोक्यावर निदान ९ मीटर मोकळं लागतं, मोठ्या स्पर्धांना १२. तुमच्या तालमीत यातलं काहीच बसत नाही. तिला खेळाची इमारत म्हणायचं तरी कशी?

तात्या : दार मुद्दाम बुटकं केल्यालं हाय. किती का मोठा असंना, वाकूनच आत आला पायजे. झरोकं वर, कारण घामेजल्या अंगाला वारं लागू नये. आन आत बघ्यांना जागा न्हाई, कारण आत बघ्यांचं काम न्हाई.

तात्यांच्या या शेवटच्या वाक्यावर थोडं थांबायला हवं. जगात इनडोअर स्टेडियम बांधली गेली ती मुख्यतः प्रेक्षकांच्या डोक्यावर छप्पर यावं म्हणून. तिकीट काढून आलेला माणूस पावसात भिजू नये, थंडीत कुडकुडू नये. आपल्याकडं उलट. छप्पर सरावाला आणि लढत उघड्यावर. जत्रेचा फड नदीच्या वाळवंटात नाहीतर माळावर. शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबाग मैदान बांधलं, १९१२ साली ते पुरं झालं. हजारो माणसांना मधला आखाडा दिसावा अशी उतरती बैठक केली, पण वर आभाळच ठेवलं. म्हणून तालीम आणि स्टेडियम एकाच फूटपट्टीनं मोजता येत नाहीत. पुतणीची टेप बरोबर आहे, पण ती वेगळ्याच वस्तूला लावलेली आहे.

मात्र गादी, म्हणजे मॅट, आली तशी लढतही छपराखाली सरकू लागली, हेही तितकंच खरं. महाराष्ट्र केसरी १९६१ पासून चालू आहे. आता तिच्यात माती विभाग वेगळा, गादी विभाग वेगळा, आणि दोन विजेत्यांची शेवटची लढत. मातीतल्या पैलवानाला गादीवर उतरावं लागतंच.

इंजिनिअर : तुम्ही म्हणता तालीम गावाची अब्रू. मग सांगा, ही बांधली कुणी?

तात्या : पंतांच्या काळात झाली. औंध संस्थान हुतं की आपलं. आटपाडी त्यातच. भवानराव महाराज सोता सूर्यनमस्कार घालायचं, शाळंत पोरापोरींस्नी घालायला लावायचं. त्यांच्या राज्यात व्यायामाला लई मान.

औंधच्या राजांचा हा नाद गोऱ्या साहेबांपर्यंत पोचला होता. त्यांचं सूर्यनमस्कारावरचं इंग्रजी पुस्तक १९३८ साली लंडनमध्ये निघालं. तालीम, राजा आणि माणदेश हे तिन्ही एकत्र पाहायचे तर व्यंकटेश माडगूळकरांच्या १९५५ च्या ‘बनगरवाडी’कडं जावं लागतं. माडगूळकर याच तालुक्यातले. त्या कादंबरीत शाळामास्तरच्या पुढाकारानं धनगरांची वाडी राबून तालीम उभी करते, आणि तिच्या उद्घाटनाला खुद्द राजा येतो. वाडीच्या आयुष्यातला तो सगळ्यात मोठा दिवस. आणि पुढं दुष्काळ पडतो, माणसं मेंढरं घेऊन जगायला निघून जातात, वाडी रिकामी होते. त्या तालमीचं नंतर काय झालं, हे कुणी विचारत नाही. मला ते विचारावंसं वाटतं. माणदेशातल्या प्रत्येक बंद तालमीपुढं उभं राहिलं की तोच प्रश्न असतो.

इंजिनिअर : त्याच राजानं १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. खुनाच्या कैद्यांची वसाहत, आणि तिला ना तट, ना कुलूप. शांतारामबापूंचा ‘दो आँखें बारह हाथ’ सिनेमा त्यावरून सुचलेला. कैद्यांच्या दाराला कुलूप नव्हतं तात्या, आणि तुमच्या तालमीच्या दाराला दोन आहेत.

तात्या : कुलूप न्हाई लावलं तर रात्रीचं पत्त्याचं डाव बसत्यात आत. बाटल्या सापडल्या हुत्या मागं.

इंजिनिअर : म्हणजे वापर होतोय.

तात्या : तू हसण्यावारी नेऊ नगंस.

इंजिनिअर : बरं, मुंबईचं बघा. वरळीला वल्लभभाई पटेल स्टेडियम आहे, १९५७ सालचं. आता लोक एनएससीआय डोम म्हणतात. प्रो कबड्डीची पहिली मॅच तिथं झाली, २६ जुलै २०१४ ला. अहो, कबड्डी, आपल्या मातीतला खेळ, तिथं दिव्यांच्या झोतात मॅटवर खेळला गेला आणि घराघरांत टीव्हीवर दिसला. २०१९ ला अमेरिकेतले बास्केटबॉलचे संघ तिथं खेळून गेले. २०२० च्या एप्रिलात करोनाच्या रुग्णांसाठी तिथंच खाटा मांडल्या. आणि २०२५ च्या जुलैमध्ये दोन ठाकरे एका व्यासपीठावर आले ते कुठं? त्याच डोममध्ये. एक इमारत, एवढी कामं. कुणी म्हटलं का डोम बाटला?

तात्या : मुंबईचं नगं सांगू. तिथं जागाच न्हाई, म्हणून एका खोलीत पाच जण झोपत्यात. आपल्याला काय माळ कमी हाय? लगीन करा की माळावर मांडव घालून. आन त्या वरळीत आमच्या तरण्यापणी दारासिंगच्या कुस्त्या व्हायच्या, ठावं हाय मला. आमच्या गावची दोघं-तिघं गिरणीत हुती, ती तिकीट काढून गेल्याली. त्या फ्रीस्टाईलला आम्ही कुस्ती म्हणत न्हाई, ती गोष्ट येगळी. पर सांगायचं काय, त्या डोममध्ये दारासिंग लढला ह्याची आज कुणाला याद हाय? सतरा कामं केली की पहिलं काम इसरतं.

तात्यांचा हा मुद्दा मला पुतणीच्या यादीपेक्षा वजनदार वाटतो. पुण्यात बालेवाडीचं शिवछत्रपती क्रीडा संकुल १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभं राहिलं. आज अनेकांना तिथला बॅडमिंटन हॉल आठवतो तो मावळ लोकसभेची मतमोजणी जिथं होते ती जागा म्हणून. मतमोजणी वाईट नव्हे. मोठा हॉल, मोजकी दारं, बंदोबस्त सोपा. पण निवडणूक अधिकाऱ्याला जी सोय वाटते ती सकाळी रॅकेट घेऊन येणाऱ्या मुलाला अडवणूक वाटते. हॉल बहुउद्देशीय झाला की सगळे उद्देश सारखे राहत नाहीत. ज्याचा हुकूम मोठा, त्याची तारीख आधी लागते.

इंजिनिअर : तुमच्या तालमीनं तरी कुठं एकच काम केलं? बहात्तरच्या दुष्काळात सुकडीची पोती कुठं ठेवली होती? आई सांगते.

तात्या : ती येगळी येळ हुती.

इंजिनिअर : कुठं ठेवली होती?

तात्या : हौदावर. फळ्या टाकून. उंदरं नगं म्हणून आम्हीच रात्री पाळीनं झोपायचो. मिलो जोंधळंबी तिथंच. माती भिजू न्हाई दिली, तेवढं बघितलं.

इंजिनिअर : मग? बाटली का तालीम?

तात्या : गावाच्या पोटाचा सवाल हुता. आन दुष्काळ सरला तशी पोती काढली, खोरं घातलं, कुस्त्या चालू. फरशी न्हवती केली.

दोघं थोडा वेळ गप्प बसले, म्हणून मी मध्ये तोंड घातलं. दोघांनाही खाशाबा जाधव प्राणाहून प्यारे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा माणूस मातीत वाढला आणि दोन ऑलिम्पिकमध्ये गादीवर लढला. तो ज्या दोन छपरांखाली लढला त्यांचं पुढं काय झालं, हे मी सांगायला घेतलं.

पहिलं छप्पर लंडनचं. १९४८ चं ऑलिम्पिक. युद्धानं खंगलेल्या शहरानं नवीन काही बांधलं नाही, होतं तेच वापरलं. कुस्त्या झाल्या अर्ल्स कोर्टच्या एम्प्रेस हॉलमध्ये. हा हॉल उभा राहिला होता १८९० च्या दशकात, भव्य नाट्यगृह म्हणून. पहिल्या महायुद्धात त्याच आवारात बेल्जियमच्या निर्वासितांना आसरा दिला गेला. १९३५ च्या सुमारास आत बर्फ गोठवून स्केटिंगचा रिंक केला. मग ऑलिम्पिक. खाशाबा तिथं फ्लायवेट गटात सहावे आले. पुन्हा बर्फावरचे नाच. आणि १९५० चं दशक सरता सरता तो पाडला. त्या जागेवर कार्यालयांचा उंच मनोरा आला. त्याचं नाव एम्प्रेस स्टेट बिल्डिंग. हॉलचं तेवढं नाव मागं राहिलं.

तात्या : बघ. नाटक, बर्फ, निर्वासित, कुस्ती. सगळ्यांचं झालं ते कुणाचंच न्हाई झालं. पाडताना रडायला कोण हुतं?

इंजिनिअर : आणि दुसरं?

दुसरं छप्पर हेलसिंकीचं. १९५२. मेसुहाल्ली नावाचं प्रदर्शनगृह, १९३५ सालचं. यंत्रं, फर्निचर, शेतीची अवजारं मांडून व्यापाऱ्यांची प्रदर्शनं भरावीत म्हणून बांधलेलं. ऑलिम्पिकला तिथं कुस्ती, बॉक्सिंग, जिम्नॅस्टिक्स, वजन उचलणं असं सगळं झालं. खाशाबांनी तिथं कॅनडा, मेक्सिको, जर्मनीचे मल्ल पाडले. जपानच्या इशीशी लांबलेली लढत हरले, आणि दम घ्यायला वेळ न देता त्यांना सोव्हिएत मल्लापुढं उभं केलं गेलं. हाती आलं कांस्य. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. परत आल्यावर कऱ्हाडला बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, दीडशेवर गाड्या होत्या म्हणतात. तिकडं १९७५ साली हेलसिंकीची प्रदर्शनं शहराच्या दुसऱ्या भागात नव्या इमारतीत गेली. जुना हॉल उरला. तो शहरानं खेळाला देऊन टाकला. आज त्याला तॉलॉचं किसाहाल्ली म्हणतात, म्हणजे नगरपालिकेचं क्रीडागृह. कुणीही गावकरी संध्याकाळी तिथं जाऊन बॅडमिंटन खेळतो.

इंजिनिअर : ऐकलंत? खाशाबांचं पदक ज्या छपराखाली मिळालं ते मुळात बाजाराचं होतं. पवित्र माती-बिती काही नाही. भाड्याचं कोठार म्हणा.

तात्या : मीबी ऐकलं. पर उलटं ऐकलं. बाजाराचं खेळाला दिलं त्यांनी. तू खेळाचं बाजाराला द्यायला निघालीयास.

पुतणीला यावर लगेच उत्तर सुचलं नाही. मलाही नाही. लंडन आणि हेलसिंकी दोन्हीकडं इमारतींनी पुष्कळ कामं केली. एक गेली, एक राहिली. कामांच्या संख्येवर ते ठरलं नाही. हेलसिंकीत हॉल रिकामा झाला तेव्हा, रोज संध्याकाळी त्यात यायला तयार असलेली माणसं आणि त्यांच्या नावावर तो करून द्यायला तयार असलेली नगरपालिका, दोन्ही हजर होती. लंडनमध्ये त्या जागेला गिऱ्हाईक होतं, वारसदार नव्हता.

आणि प्रत्येक नवा वापर भलाच असतो, असंही नाही. पॅरिसमध्ये सायकल शर्यतींसाठी बांधलेलं वेलोद्रोम दिव्हेर नावाचं झाकलेलं स्टेडियम होतं. १९२४ च्या ऑलिम्पिकच्या कुस्त्या तिथं झाल्या. १९४२ च्या जुलैमध्ये फ्रेंच पोलिसांनी तेरा हजारांवर ज्यू पकडले, आणि त्यांतली हजारो माणसं, बायका-पोरांसह, त्याच स्टेडियममध्ये दिवसेंदिवस कोंडून ठेवली. तिथून पुढं छळछावण्या. मोठं छप्पर, मोजकी दारं, बंदोबस्त सोपा. तेही १९५९ साली पाडलं. मी हे सांगितलं तेव्हा तात्यांनी नुसती मान हलवली. पुतणी म्हणाली, तरीपण तालमीच्या बाबतीत हे जरा जास्तच होतंय. होतंय खरं. पण ‘कशालाही वापरा, वापरा म्हणजे झालं’ असं कुणी म्हणायला लागलं की मला ती इमारत आठवते.

मग पुतणीनं वेगळीच बाजू काढली.

इंजिनिअर : तात्या, मी त्या तालमीच्या आत पहिल्यांदा कधी गेले, ठाऊक आहे?

तात्या : माप घ्यायला आलीस की परवा.

इंजिनिअर : त्याच्या आधी. लशीच्या वेळी. शाळेत दुरुस्ती चालू होती म्हणून लस तालमीत दिली. आई, मी, काकू, सगळ्या रांगेत. वाकून आत गेलो. मारुतीच्या कोनाड्याखाली नर्सचं टेबल होतं. लहानपणी आम्ही भिंतीला कान लावून उभ्या राहायचो. आतून धप्‌ धप्‌ आवाज यायचा, तुमचं ओरडणं ऐकू यायचं. दादाला आत घेतलं. मला दारात उभं राहिले म्हणून तुम्हीच हाकललंत. तिला गावाची अब्रू म्हणता. अर्ध्या गावानं आतला मारुती पाहिला तो करोनामुळं.

तात्या : रीत हुती ती. लंगोटावर पोरं असायची आत.

इंजिनिअर : रीत होती, मान्य. मी आता तक्रार नाही करत. फक्त एवढंच म्हणते, की सुकडी आली, लस आली, तेव्हा तेव्हा त्या दारातून बाकीचं गाव आत आलं. ज्याला तुम्ही बाटणं म्हणता त्यानंच ती आमची झाली. नुसती तालीम होती तेव्हा ती फक्त तुमची होती.

माझ्या मते अख्ख्या भांडणात याहून खरं कुणी बोललं नाही. तात्यांनी पानाचा डबा उघडला, बंद केला.

तात्या : सांगलीत तेवीस साली पोरींची महाराष्ट्र केसरी झाली. पहिलीच. सांगलीचीच पोरगी जिंकली, बागडी. गेलो हुतो मी.

इंजिनिअर : तुम्ही? कधी बोलला नाहीत.

तात्या : काय बोलायचं त्यात. बघायला गेलो हुतो. पट काढती का न्हाई बघायचं हुतं.

इंजिनिअर : मग?

तात्या : काढती की. चांगला काढती.

आता गाडी मूळ आराखड्यावर आली. पुतणी म्हणाली, सरकारनं २०२२ साली तालुका क्रीडा संकुलाच्या खर्चाची मर्यादा १ कोटीवरून ५ कोटींवर नेली. तशी इमारत तालुक्याच्या गावाला शोभते, गावोगाव ती नाही होणार. गावाला मिळेल ते सभागृहाच्या नावाखालीच, आणि सभागृह म्हटलं की फरशी आली. तात्यांचं म्हणणं, पैसा भिंतीला मिळतो, वस्तादाला मिळत नाही. नाव द्यायलाही सगळे पुढं: दिल्लीत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी कुस्तीच्या हॉलला खाशाबांचं नाव दिलं, छान केलं. पण खुद्द गोळेश्वरच्या संकुलाचं काम रखडत राहिलं, इतकं की २०१७ साली घरच्यांनी पदक लिलावात काढू असं जाहीर केलं. हे तात्या आवाज न चढवता बोलले.

इंजिनिअर : बरं, मधला मार्ग सांगते. हौद ठेवू. वरून लाकडी पाट्यांचं झाकण करू, चार माणसांनी उचलायचं. झाकण टाकलं की सभागृह, काढलं की तालीम.

तात्या : झाकणाखाली मातीला वारं लागत न्हाई. कुबट वास मारती. वाळवी लागंल पाट्यांना.

इंजिनिअर : जाळीदार करू. खालून हवा खेळती ठेवू, बाजूला दोन झडपा.

तात्या : आन झाकण सलग किती दिस र्‍हायचं?

इंजिनिअर : तुम्ही सांगा.

तात्या : दोन दिस. तिसऱ्या दिवशी खोरं पडलंच पायजे. मग लग्नाचा असू दे नाहीतर आमदाराचा कार्यक्रम.

इंजिनिअर : आमदारांचं तुम्ही ग्रामसभेत बोला, मी नाही बोलणार. आणि दार मी उंच करणार आहे. म्हाताऱ्या बायकांना वाकवत नाही.

तात्या : दाराला हात लावायचा न्हाई.

इंजिनिअर : मागच्या भिंतीत दुसरं दार काढते, उताराचं. पुढचं तसंच राहू दे, पैलवानांसाठी.

तात्या : हे चाललं.

इंजिनिअर : किल्ली ग्रामपंचायतीत.

तात्या : पंचायत धा वाजता उघडती. पहाटं चारला कोण दील किल्ली? एक माझ्याकडं.

इंजिनिअर : एक तुमच्याकडं, एक पंचायतीत, एक मुलींकडं. शाळेतल्या सहा जणी विचारून गेल्यात मला. त्यांना संध्याकाळची वेळ देऊ, पाच ते सात.

तात्या : संध्याकाळी काय शिकणार? दिसभराची बसल्याली माती असती. कुस्तीची येळ पहाटंची. त्यांना पहाटं पाठव.

इंजिनिअर : चारला? आणि तुमची पोरं?

तात्या : कुठल्या पोरांचं इचारतीयास? हायती कोण? ह्याच सहा. पर एक सांगून ठेव त्यांना, माती त्यांनीच खणायची. मी खोरं हातात देणार, डाव नंतर.

इंजिनिअर : त्यांच्या आया सोडतील का एवढ्या पहाटे? रस्त्यावर दिवा नाही तिथं. आणि आत दोन ट्यूब तरी लागतील. तालमीच्या मीटरची थकबाकी आहे, आधी ती कोण भरणार?

तात्या : ती ग्रामसभेत काढ. फरशीच्या आधी.